माझाच भोपळा माझ्या हातात

कळंबोलीच्या एका पत्रेवाल्यानं मला फसवलं. वरून रंग आणि आत गंज असे पत्रे त्यानं मला चांगले म्हणून विकले, आणि ते मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेच्या शेडवर चढवले. गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. तिला आता पुष्कळ वर्षं झाली, पण मी ती विसरलेलो नाही. आमच्या मंडळीत ही गोष्ट हसत हसत सांगतात आणि वेगळ्याच तऱ्हेनं सांगतात. म्हणून खरी हकिगत मी इथं लिहून ठेवतो.

मी मूळचा नगरकडचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तुर्भ्याच्या खाणीत दगड फोडायला आलो. पुढं वाशीत इमारती उठायला लागल्या. स्लॅब भरून झाला की ठेकेदार जुन्या फळ्या टाकून द्यायचे. त्या मी उचलायचो, खिळे उपटायचो, फळ्या घासून विकायचो. उपटलेले खिळेसुद्धा दगडावर ठोकून सरळ करायचो आणि विकायचो. होता होता ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला माझी स्वतःची वखार झाली. जुनी दारं, खिडक्या, पत्रे, लोखंडी अँगल, जे मोडून निघेल ते माझ्याकडे यायचं आणि जे बांधायचं असेल त्याला लागायचं. कुणी मला धंदा शिकवला नाही, कुणी भांडवल दिलं नाही. तापट आहे असं लोक म्हणतात. धंद्यात थंड माणूस फार दिवस टिकत नाही, असं माझं मत आहे.

भाव करण्याची माझी एक पद्धत होती. दुकानात खुर्ची दिली तरी बसायचं नाही. चहा दिला तर प्यायचा, पण उभ्यानं. बोलता बोलता एक पाय चपलेत घालून ठेवायचा, म्हणजे समोरच्याला वाटतं हा आता निघाला. अशा उभ्या उभ्या मी भल्याभल्यांना खाली आणलेलं आहे.

आमची मंडळी म्हणजे तीस-चाळीस घरं. खाणीतले, कारखान्यांतले, इस्पितळांत काम करणारे, बहुतेक सगळे मराठवाड्यातून नाहीतर नगरकडून आलेले. आधी एका शाळेच्या वर्गात उपासना व्हायची, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचं. मग जागा मिळाली, भिंती उभ्या राहिल्या आणि छप्पर घालायची वेळ आली. आमचे पाळकबाबा शांत स्वभावाचे, बारीक अंगाचे, सायकलवरून फिरणारे. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "छपराचं भाऊंकडे देऊ. त्यांना कुणी फसवू शकत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

कळंबोलीचा लोखंडबाजार तेव्हा नव्यानं बसत होता. निम्मे प्लॉट रिकामे, उरलेल्यांवर ट्रक, धूळ आणि सळ्यांचे ढीग. पत्रेवालाही नवाच होता. खाडीकाठच्या गावातला, पूर्वीचा शेतकरी. शेत नव्या शहरात गेलं, त्याच्या मोबदल्यातून त्यानं हे दुकान टाकलं होतं. मी सकाळी गेलो आणि दिवे लागायच्या वेळी निघालो. मी एक पाय चपलेत घातला, काढला, पुन्हा घातला. शेवटी तो म्हणाला, "घ्या शेट. तुमी जिंकलात." एवढ्या कमी भावात त्या बाजारात कुणी पत्रे नेले नसतील. मी वरचे चार-पाच पत्रे बोटाच्या पेरानं वाजवून बघितले. खणखणीत वाजले. गाडी भरली.

पुढं काय निघालं ते सांगतो. खालचे सगळे पत्रे तळोज्याच्या कुठल्यातरी रसायनाच्या कारखान्याच्या जुन्या शेडचे होते. तिथल्या वाफांनी पत्रा आतून खाल्ला जातो, भोकं पडतात. त्या भोकांत लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून वरून चंदेरी रंग मारलेला होता. छपरावर चढल्यावर उन्हानं लांबी सुकली आणि गळून पडली.

पहिल्या रविवारी उपासना सुरू झाली आणि उन्हाचे ठिपके सगळ्या मंडळीवर पडले. साड्यांवर, गीतांच्या पुस्तकांवर, हार्मोनियमवर. उपासना पुढं सरकली तसे ठिपकेही सरकले आणि उपदेशाच्या वेळी एक मोठा ठिपका नेमका पाळकबाबांच्या टकलावर येऊन बसला. त्यांचा विषय होता प्रकाश. लोकांनी आधी तोंडात पदर आणि रुमाल कोंबले, मग कुणाला आवरेना. पाळकबाबांनी वर बघितलं आणि तेही हसले. हसला नाही असा माणूस त्या शेडमध्ये एकच होता.

बाहेर पडल्यावर सिस्टरबाई माझ्याजवळ आल्या. त्या मिशनच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी निम्म्या मंडळीला इंजेक्शनं दिलेली असल्यामुळे त्यांना सगळेच घाबरायचे. म्हणाल्या, "अरे व्यापाऱ्या, छान आहे की छप्पर. नाताळचे तारे लावायचा खर्च वाचला."

"सिस्टरबाई, मला फसवलंय त्यानं."

"हो, दिसतंय. चांगलं उजेडात दिसतंय."

त्या बाजारात एक रीत होती. ज्याला खराब माल मिळाला तो माल ट्रकमध्ये घालून परत आणायचा आणि विकणाऱ्याच्या दारात, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर ओतायचा. तक्रार नाही, भांडण नाही. ओतायचा आणि निघून जायचं. मग त्या दुकानाशी कुणी उधारीवर व्यवहार करत नसे, आणि उधारीवाचून त्या बाजारात कुणाचा महिनाही निघत नसे. जुना व्यापारी असता तर त्यातूनही वर आला असता. हा नवा होता. एक ट्रक पुरेसा होता, हे मला चांगलं माहीत होतं. जमीन गेलेली, आता दुकानही गेलं असतं. धंदा म्हणजे धंदा, मी त्याला दुकान टाकायला सांगितलं नव्हतं.

मी ओळखीच्या ड्रायव्हरला ट्रक सांगून ठेवला आणि पाळकबाबांना म्हणालो, "पत्रे उतरवतोय. मंडळीला नवे घालून देईन माझ्या खर्चानं. पण हे जुने त्याच्या दारात जाणार."

ते म्हणाले, "भाऊ, पुढच्या रविवारी कापणीचा सण आहे. तेवढा होऊ द्या. सोमवारी न्या."

हे मी कबूल केलं. सोमवार ठरला. त्या आठवड्यात मी फार आनंदात होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. जेवताना मधेच मला ते पत्रे रस्त्यावर आदळल्याचा आवाज ऐकू यायचा आणि भाकरी जास्त गोड लागायची.

इथं कापणीच्या सणाबद्दल सांगायला हवं. त्या दिवशी प्रत्येक घर काहीतरी पिकवलेलं किंवा शिजवलेलं आणतं. शेती मागं सुटलेली, म्हणून कुणी कुंडीतल्या मिरच्या आणतं, कुणी अंडी, कुणी कोंबडी, कुणी लोणच्याची बरणी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि मग सगळे पंगतीला बसतात, त्याला प्रीतिभोजन म्हणतात. लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा आवाज. धंदेवाल्या माणसाला तो लिलाव बघवत नाही. ज्या दुधी भोपळ्याला मंगळवारच्या बाजारात कुणी हात लावणार नाही, त्यासाठी कारखान्यातला फिटर आठवड्याचा भाजीचा खर्च घालवतो. मला आधी वाटायचं, या लोकांना बाजार कळत नाही. पण सिस्टरबाई वाटाणे घेताना शेंगा फोडून बघायच्या आणि वर कोथिंबीर फुकट घ्यायच्या. त्यांना बाजार उत्तम कळायचा. सहा दिवस तो मुकाट्यानं पाळायचा आणि सातव्या दिवशी हट्टानं उलटं वागायचं, असं त्यांचं चाललेलं होतं. आपल्या वस्तीत तरी एक तास बाजाराची सत्ता चालू द्यायची नाही, अशी काहीतरी जिद्द.

आणि सिस्टरबाईंनी त्या लिलावाला स्वतःचा एक नियम जोडलेला होता. घेतलेली वस्तू घरी न्यायची नाही. मंडळीत ज्याच्याशी आपलं बिनसलंय, त्याच्या हातात द्यायची आणि पंगतीला त्याच्याशेजारी बसायचं. त्यामुळे वर्षभर कोण कुणाशी बोलत नाही हे सगळ्यांना कळायचं, आणि त्याला कोथिंबिरीच्या जुडीचं निमित्त मिळायचं. दरवर्षी सगळ्यांत जास्त भाजी माझ्या घरी यायची. असं का व्हायचं ते मला कधी कळलं नाही. बायको आधीपासून दोन रिकाम्या पिशव्या घेऊन यायची आणि म्हणायची, "अहो, या वर्षी जरा वांग्यावाल्यांशी भांडायचं होतं. भोपळे पुरेत."

त्या वर्षी आमच्याकडून तिनंच एक लाल भोपळा दिला होता. वखारीच्या कुंपणावर वेल चढवला होता, जुन्या दारांच्या थप्पीवर तो भोपळा वाढला. चांगला मोठा, ढोलकीएवढा.

सणाच्या दिवशी मी पुकारायला उभा राहिलो आणि दारात बघतो तर पत्रेवाला. एक पाय चपलेत, एक बाहेर. हातात केळीच्या पानानं झाकलेली टोपली. पाळकबाबा त्याच्या शेजारी उभे होते. ते सायकलवरून कळंबोलीला जाऊन त्याला जेवायला बोलावून आले होते, मला न सांगता. रिकाम्या हातानं जेवायला जाऊ नये म्हणून तो खाडीची ताजी कोळंबी घेऊन आला होता. बायकांनी टोपली थेट चुलीकडे नेली. माझ्या दुश्मनाची कोळंबी माझ्या मंडळीच्या पातेल्यात पडली, आणि मी हातात मिरच्या घेऊन पुकारत होतो.

पाळकबाबांनी त्याला पुढं आणून खुर्चीवर बसवलं. त्याच्या डोक्यावरही ठिपका पडला. त्यानं वर बघितलं आणि पटकन मान खाली घातली. एवढं मला पुरलं असतं, पण पुढं भोपळा आला.

मी पुकारलं, "वीस."

फिटर म्हणाला, "पंचवीस." कुणीतरी तीस म्हटलं.

समोरून पत्रेवाला म्हणाला, "पंधरा."

मी म्हणालो, "तीस झालेत."

"तीस?" त्यानं उठून भोपळा फिरवून बघितला, बोटाच्या पेरानं वाजवला. "देठ सुकलाय. चौदा."

आता हशा सुरू झाला. सिस्टरबाईंनी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. "अरे, इथं वर जायचं असतं."

"पन घेनारा वर कशाला जाईल?"

"तेच तर. बाहेर जात नाही, म्हणून इथं जायचं."

त्यानं भोपळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग माझ्याकडे बघत त्यानं असा आकडा सांगितला की फिटरनं हात जोडले. भोपळा त्याचा झाला. सिस्टरबाईंनी त्याला नियम समजावला. ज्याच्याशी बिनसलंय त्याला द्यायचा आणि त्याच्याशेजारी जेवायला बसायचं. त्याचं इथं कुणाशीच बिनसलेलं नाही, म्हणजे पाळकबाबांना देऊन मोकळा होईल, असं मी धरून चाललो होतो. तो भोपळा पोटाशी धरून सरळ माझ्याकडे आला.

"शेट, तुमी."

मी म्हणालो, "माझं तुझ्याशी बिनसलंय. तुझं माझ्याशी काय बिनसलंय?"

"का, मानूस नाय मी?" तो म्हणाला. "सकाळपासून दिवे लागेपर्यंत तुमी मना उभा ठेवला. तुमी बसना म्हनून मीपन बसलो नाय. तीन गिऱ्हाइकं परत गेली. घरून डबा आला तो तसाच गेला. दर येळी चप्पल घालायचे नि काढायचे. त्या भावात चांगला पत्रा येतो का, सांगा की यांना. धंद्यातले ना तुमी?"

सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "येतो की नाही हा मुद्दा नाही. तू चांगला म्हणून दिलास हा मुद्दा आहे."

"तुमी फुकटच्या भावात मागितला हापन मुद्दा हाय."

पहिली कोण हसली तर माझी बायको. म्हणाली, "घ्या आता. आपलाच आहे." आणि पिशवी उघडून पुढं केली. भोपळा एवढा मोठा होता की पिशवीत जाईना. तो मलाच हातात धरून उभं राहावं लागलं.

पंगतीला तो माझ्याशेजारी बसला. कोळंबी चांगली झाली होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग तोंडात घास असतानाच त्यानं विचारलं, "ट्रक उद्या येनार हाय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमचा डायवर माझ्या दुकानासमोरच चहा पितो. आठ दिस झाले, सगल्या बाजाराला ठाऊक हाय."

"आणि तरी आलास जेवायला?"

"पाळक बोलले, जेवायला या. जेवायला बोलवल्यावर काय सांगनार, ट्रक येनार हाय म्हनून नाय येत?" त्यानं भात कालवला. "घरात सांगितलंय मी. दुकान गेलं तर मिठागरात जाईन. पूर्वी जायचोच."

त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, भाव सांगावा तसं सांगितलं. मला राग आला. कुणाचा ते नक्की सांगता येणार नाही. मी भाव करायला सुरुवात केली, कारण दुसरं काही मला येत नाही. म्हणालो, "दहा पत्रे चांगले दे बदलून."

"नाय परवडत."

"पाच."

"शेट, एकपन नाय. खरं सांगतंय, दुकानात चांगला माल नाय. पन भोकं बुजवून देतंय. डांबर आनि गोनपाट. मी सोता चढतंय."

"डांबर तुझं."

"डांबर तुमचं. अंग माझं."

पंगतीत सगळे कान देऊन ऐकत होते. समोर सिस्टरबाई कोळंबीची सालं पत्रावळीच्या कडेला नीट रचत होत्या. म्हणाल्या, "पाळकबाबा, हे दोघं संध्याकाळपर्यंत इथंच बसणार. पत्रावळी उचलून घ्या."

पाळकबाबा वाढायला आले होते. ते हळूच मला म्हणाले, "भाऊ, आपल्याला प्रत्येकाला आपापल्या मालाप्रमाणे भाव मिळाला असता, तर इथं पंगतीला कोण बसलं असतं?" आणि माझ्या पानात आणखी कोळंबी वाढली. ती मी संपवली, कारण कोळंबी वाया घालवणं मला पटत नाही.

सोमवारी ट्रक आला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "पत्रे भरायचे ना?" मी म्हणालो, "डांबराची पिंपं भर आणि शिडी घे." तो माझ्याकडे बघतच राहिला. ट्रकचा आगाऊ बयाणा दिलेला होता आणि तो मी फुकट घालवणार नव्हतो. ट्रकचा उपयोग करण्याचं कारण एवढंच, दुसरं काही नाही. मंडळीत याचे वेगळे अर्थ लावतात.

पत्रेवाला लुंगी खोचून छपरावर चढला. खाली शेडमध्ये बायका केरसुण्यांचे दांडे घेऊन उभ्या राहिल्या. जिथून ऊन दिसेल तिथं खालून ठोकायचं आणि वरून त्यानं गोणपाटाचा तुकडा डांबरात बुडवून चिकटवायचा. दिवसभर खालून ठकठक आणि वरून त्याचा आवाज, "कुठं? इथं? का इथं?" मी शिडीखाली उभा राहून त्याच्या चुका सांगत होतो. तो वरून सांगायचा, "शेट, तुमी तिकडं जावा, तुमच्या आवाजानं नवीन भोकं पडतात." पाळकबाबांच्या जागेवरचं भोक सिस्टरबाईंनी मुद्दाम ठोकलं नाही. ते राहिलं. त्यामुळे उपदेश लांबला की ठिपका टकलावर यायचा आणि मंडळीला वेळ कळायची.

त्या बाजारातला माझा दरारा मात्र गेला. माल ओतायला निघालेला माणूस डांबर घेऊन गेला, ही बातमी कळंबोलीत माझ्याआधी पोचली. पुढं महिनाभर मी जिथं जाईन तिथं लोक मला जेवायला बोलवायचे आणि हसायचे. पत्रेवाल्याचं दुकान चाललं. मोठं नाही झालं, पण चाललं. माझ्याकडे माल कमी पडला की मी त्याच्याकडूनच घ्यायला लागलो, कारण त्याला मी आतूनबाहेरून ओळखत होतो. आता मी एकूण एक पत्रा वाजवून घेतो. तो चहा मागवतो आणि दोघंही उभ्यानं पितो.

आता माझी तक्रार. मला फसवलं गेलं, हे आजपर्यंत एकाही माणसानं सरळ माझ्या तोंडावर कबूल केलेलं नाही. त्यानं माफी मागितली नाही. पाळकबाबांनी त्याला मागायला लावली नाही. उलट खुर्ची दिली. माझा सोमवार, ज्याची मी आठवडाभर वाट बघितली, तो या लोकांनी कोळंबी वाढून माझ्याकडून काढून घेतला. एवढ्या चलाखीनं माझ्याकडून कुणी काही काढून घेतलेलं नाही, आणि मी धंद्यात केस पांढरे केलेले आहेत.

हेही मी सोडून दिलं असतं. शेडच्या जागी पुढं पक्कं बांधकाम झालं, स्लॅब पडला, डांबर आणि गोणपाट गेलं. सिस्टरबाई गेल्या. पण त्यांचा नियम आणि कापणीचा सण चालू आहे. पत्रेवाला ख्रिस्ती झाला नाही, त्याचा देव त्याच्या गावात आहे आणि तो तिथं खूश आहे. तरी दरवर्षी तो टोपली घेऊन येतो, खुर्चीवर बसतो, लिलावात न चुकता लाल भोपळा घेतो आणि सरळ माझ्या हातात आणून देतो. सगळी मंडळी टाळ्या वाजवते. बायको पिशवी मोठी आणायला शिकली आहे. मीही त्याला दरवर्षी लिलावातलं काहीतरी घेऊन देतो. माझी गोष्ट वेगळी आहे, माझी तक्रार खरी आहे.

पण नियम म्हणजे नियम. ज्याच्याशी बिनसलंय त्यालाच द्यायचं. मी त्याच्या छपराचं काही केलं नाही, त्याच्या दारात ट्रक ओतला नाही, पुढं कितीतरी वर्षं त्याचा माल त्यानं सांगितलेल्या भावाच्या आसपास घेतला. मग त्याच्या मनात माझ्याविरुद्ध अजून काय आहे? दरवर्षी विचारतो, तो दरवर्षी म्हणतो, "जेवा आधी, शेट." हे उत्तर नव्हे. येत्या सणाला त्यानं सगळ्या मंडळीसमोर उभं राहावं आणि भोपळा माझ्या हातात द्यायच्या आधी याचा जबाब द्यावा. त्याशिवाय या खेपेला मी भोपळा घेणार नाही.